पंख्याजवळची जागा

जनू त्या दिवशी रोह्याला आला होता तो बोल्ट न्यायला. दुसरं काय काम नव्हतं त्याचं. लेथवाल्याकडून बोल्ट घेतले, इथं वरसेत माझ्याकडं आला, आत्ता मिथुन बसलाय ना, त्याच जागेवर बसून चहा प्यायला, आणि संध्याकाळच्या गाडीनं पेणला परत गेला.

मिथुन, तो मोबाईल खाली ठेव. लाईट यायची तेव्हा येईल, तू टॉर्च मारून येत नाय. आणि भूमिका, भीती वाटत असंल तर आत्ताच घरात जा गो. मधेच उठलेलं मला चालत नाय. मागच्या वेळी अर्ध्यावर पळालीस आणि दुसऱ्या दिवशी तुझी आई माझ्याशी भांडायला आली, दाजी पोरीला कायपण सांगतात म्हणून. मी कायपण सांगत नाय. जनूनं मला नंतर येऊन सांगितलं तेवढंच सांगतो.

जनू आधी कंपनीत माझ्या हाताखाली होता. शिफ्टला वैतागला आणि परत आपल्या खाडीला गेला. वडखळच्या खालच्या अंगाला मिठागरं हायत, तिथल्या धक्क्यावर होड्यांची मशिनं दुरुस्त करायचा. फार शहाणा नव्हता, पण हात बरा होता. त्याच्या जोडीला विठू. दोघं लहानपणापासून एकत्र. जनू मशिनवर आणि विठू पाण्यात, पंख्याजवळ, अशी कामाची वाटणी ठरलेली. तेवढ्यावर दोघांची घरं चालायची.

त्या धक्क्यावर मुंबईच्या एका साहेबाची छोटी शिडाची बोट असते. वारा असला की शीड, पण खाडीत आत-बाहेर करायला पोटात एक लहान डिझेल मशिन. आता मशिनापासून पंख्यापर्यंत काय काय असतं ते ऐका, नायतर पुढचं कळणार नाय. मशिनाला गेर. गेराला कपलिंग, म्हणजे बोल्टांनी आवळलेला जोड. कपलिंगाला लांब शाफ्ट. तो बोटीच्या मागच्या अंगानं बाहेर पाण्यात निघतो आणि त्याच्या टोकाला पंखा. संपलं.

तर त्या बोटीचं दुखणं असं, की मशिन न्यूट्रलला झकास चालायचं. गेर टाकला की सगळी बोट थरथरायची, खालून ठकठक, काळा धूर, आणि बोट जागची हलायची नाय. जनूनं गेरातलं तेल बघितलं. ठीक. वरून गेर टाकायच्या लिव्हरची केबल काढून बघितली. कपलिंगचे बोल्ट आवळले. मग मशिन बंद करून शाफ्ट हातानं फिरवला. एका हातानं फिरायला पायजे, तो दोन हातांनी हलेना. म्हणजे दुखणं आत नाय, बाहेर. कुठल्यातरी जुन्या जाळ्याचा दोर पंख्यात गेलेला.

दोर गेला तर मशिन बंद ठेवून कापत बसावं, हे खरं शहाणपण. पण दोर शाफ्टाच्या फटीत आवळून बसतो, तिथं कोयती पोचत नाय. म्हणून आपल्या खाडीत काय करतात, एक जण पाण्यात उभा राहून दोराचं टोक ओढून धरतो. मशिनवरचा माणूस रिव्हर्सचा एक झटका देतो. पंखा उलटा फिरला की दोर सुटतो. पण झटका द्यायच्या आधी वरचा विचारतो, "सोडू?" खालचा हात बाजूला घेतो आणि म्हणतो, "सोड." ते ऐकल्याशिवाय गेरला हात लावायचा नाय. बापजाद्यांपासूनचं नाय हे, पण मशिनं आली तेव्हापासूनचं हाय.

त्या दिवशी जनूनं विचारलं, "सोडू?"

खालून आलं, "सोड."

जनूनं झटका दिला. विठूचे दोन्ही हात आत होते.

पेणला नेईपर्यंत विठू गेला. पोलिसांनी अपघात लिहिला, तोपण खोटा नाय. पण विठूची बायको रंभा, तिनं मयताच्या दिवशीच सगळ्यांदेखत विचारलं, "त्यांनी सोड म्हटलं होतं?" जनू म्हणाला, म्हटलं. ती म्हणाली, "हात आत असताना माणूस सोड म्हणंल कसा? तुम्ही वाट बघितली नाय भाऊजी. तुम्हाला घाई होती." आणि खरं सांगायचं तर तिचं काय चुकलं? कोणीपण तेच म्हणलं असतं. धक्क्यावर तिसरं माणूस नव्हतं.

गावानं मारलं नाय, वाळीत टाकलं नाय. नुसतं बोलणं कमी केलं. आणि जनूला त्याचं पण काय वाटेना. दुःख झालं असतं तर बरं होतं, माणूस रडतो आणि मोकळा होतो. ह्याचं सगळं बधिर. सगुणा, त्याची बायको, ताट वाढायची. समोर आलं तर जेवायचा. नाय आलं तर मागायचा नाय. माझ्याकडं आला तेव्हा चहात साखर घालायची राहिली होती, त्यानं ती तशीच प्यायली. मला एकच म्हणाला, "दाजी, आता मलाच वाटतं, तो बोललाच नसंल. मीच ऐकलं असंल." दोन वर्सं त्याच्या डोक्यात तेवढंच होतं.

आणि दोन वर्सांनी त्याच बोटीच्या मालकाचा फोन. बोट पाण्यात पडून हाय, दुसरं कोण हात लावायला तयार नाय, तू करतोस का? हा म्हणाला करतो. कपलिंगचे बोल्ट गंजलेले, म्हणून रोह्याला आला. मी म्हटलं, जनू, कानाला खडा लाव, त्या बोटीचं काम घेऊ नको. तर म्हणतो, "काय फरक पडतो?"

घरी पोचला तर अंगणात रंभा उभी. दोन वर्सांत पहिल्यांदा त्याच्या दारात.

"मशिन चालू करताय म्हणं," ती म्हणाली.

"व्हय."

"पंख्याजवळ कोण उभं राहणार?"

"बघतो कोणतरी."

"कोण येणार नाय. मी येते."

जनू म्हणाला, वहिनी, येडेपणा करू नका. दोर अजून तसाच हाय, मशिन बंद ठेवून मी एकटा कापून काढीन, चार दिवस लागले तरी चालतील.

"नाय," रंभा म्हणाली. "त्या दिवशी केलंत तसंच करायचं. मशिन चालू, तुम्ही वर, आणि मी त्यांच्या जागी. मला बघायचंय तिथून वर आवाज पोचतो का. मशिनच्या आवाजात पोचत नसंल तर तुम्ही तेव्हा खोटं बोललात. मग मी गावासमोर तसं सांगीन आणि परत तुमचं तोंड बघणार नाय."

"आणि पोचला तर?"

"तर मग ते तसं का बोलले… ते मला कळायला पायजे. मला झोप नाय भाऊजी. दोन वर्सं झाली. डोळे मिटले की मी तिथं पाण्यात उभी असते."

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. सगुणानं घट मांडला होता, दिवा लावला होता. ती बाहेर येऊन म्हणाली, आज तरी नको गो रंभा, सवाष्ण बायकांचा दिवस, आज अवदसा आठवली काय तुम्हाला. रंभा म्हणाली, "मला आता कुठला गुरुवार?" ती आत गेली.

तिथी वद्य अष्टमी. अष्टमीला ओहोटी मध्यरात्रीच्या सुमाराला पुरी होते आणि पाणी भांगाचं असतं, पुरतं उतरत नाय. बोटीच्या मागं कंबरेइतकं राहतं. विठू गेला तेव्हापण तेवढंच होतं. दोघं धक्क्यावर गेले, जनूनं कपलिंगाला नवे बोल्ट बसवले. चंद्र उगवायचा होता. मिठागरावर कोणी नाय, पार वडखळच्या नाक्यावरचे दिवे तेवढे दिसत होते.

पाण्यात उतरायच्या आधी रंभानं एक अट घातली. "तुम्ही तीनदा विचारा. पहिल्या दोन हाकांना मी गप्प बसंन. तिसरीला बोलंन." तुम्हाला माहीत हाय ना, आपल्यात लहानपणापासून सांगतात, रात्री बाहेरून कोणी हाक मारली तर पहिल्याला ओ द्यायची नाय, दुसऱ्याला नाय. तिसरी आली तरच माणूस. रंभानं ते असं फिरवून घेतलं. जनूला पटलं. एवढं ठरवलं म्हणजे चूक व्हायला जागा नाय, असं त्याला वाटलं.

रंभा पाण्यात उतरली. अंगात विठूचा जुना शर्ट. दोर हाताला कापू नये म्हणून पदर मनगटाला गुंडाळलेला. दोराचं टोक तिला सापडलं, तसं तिनं सांगितलं. जनू बोटीच्या पोटात मशिनाशी गेला. लिव्हरची केबल त्या दिवसापासून काढलेलीच होती, त्यामुळे गेर तिथंच हातानं टाकायचा. तिथून मागचं पाणी दिसत नाय. नुसतं ऐकू येतं.

मशिन चालू केलं. टुक टुक टुक. न्यूट्रलला, झकास.

जरा तापू दिलं. गेराच्या दांडीवर हात ठेवला. त्याला काय वाटतच नव्हतं.

त्यानं हाक मारली. "सोडू?"

"सोड."

आवाज रंभाचा. स्वच्छ.

हात निघाला होता. सवयीनं. दांडी अर्धी गेली पण… मग त्याला आठवलं. ही पहिली हाक.

दांडी मागं घेतली. त्याला वाटलं, विसरली. थंडीत उभी हाय, घाबरली असंल, विसरली. वर जाऊन सांगावं असं मनात आलं. पण नाय गेला. का नाय गेला, ते त्याला अजून सांगता येत नाय.

परत विचारलं. "सोडू?"

"सोड."

ह्या वेळी लगेच. त्याचा शब्द तोंडातून पुरता निघायच्या आत. आणि आवाज मागून नव्हता… बाजूनं होता. त्याच्या गुडघ्याशी बोटीची फळी असते. फळीच्या पलीकडं पाणी. तिथून.

टुक टुक टुक.

जनू बसून राहिला. आता तिसरी. तिसरीला ती बोलणार, तसं ठरलंय. आणि ती बोलली की आपण झटका द्यायचा. दोघांनी कबूल केलंय.

पण आवाज निघेना. त्यानं ओठांतल्या ओठांत म्हटलं. मशिनच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाय, इतकं हळू.

"सोडू…"

"सोड."

तितकंच हळू. कानाला लागून.

आणि त्याच वेळी… त्याच आवाजात… बाहेरून, लांबून, जीव खाऊन…

"थांबा! भाऊजी, थांबा, हात अडकलाय…"

दोन्ही रंभाच.

जनूनं मशिन बंद केलं.

…

मग बाहेर आला, पाण्यात उडी टाकली. रंभाचा उजवा हात पंख्याच्या पात्यात होता. मनगटाला गुंडाळलेला पदर दोरात गेला होता, जितका ओढावा तितका आवळत होता. झटका बसला असता तर हात गेला असता, आणि हाताबरोबर तीपण. जनूनं कोयतीनं पदर कापला. तिला वर घेतलं.

तिची दातखीळ बसली होती. चंद्र वर आला, धक्का दिसायला लागला, तरी दोघं तसेच बसून.

मग ती म्हणाली, "तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

"मी दात आवळून उभी होते भाऊजी. पहिल्या हाकेच्या आधीच हात अडकला. ओरडायला गेले तर तोंड उघडंना, शेवटी कसंबसं उघडलं. आणि माझ्या पाठीमागनं मीच बोलत होते. सोड म्हणून… सोड म्हणून…"

तिनं जनूकडं बघितलं.

"तेव्हापण असंच?"

"व्हय वहिनी. तेव्हा त्याचा आवाज होता."

रंभा म्हणाली, "मग ते नव्हते. आत्ता माझा आवाज होता आणि मी नव्हते. म्हणजे तेव्हा ते नव्हते. ते तसं बोललेच नायत. आणि तुम्ही खोटं बोलला नायत." आणि मग ती रडली. दोन वर्सं तुम्हाला मारेकरी म्हणत आले, म्हणाली, आणि धक्क्यावर डोकं टेकून रडली. जनूनं मला सांगितलं, दाजी, तेव्हा मला थंडी वाजली. अंग काकडून गेलं. दोन वर्सांत मला थंडी कशी ती वाजली नव्हती.

तुला काय विचारायचंय मिथुन? तो आवाज कोणाचा? मला काय माहीत. मी तिथं नव्हतो. खाडीत काय काय असतं. गप ऐक, थोडंच राहिलंय.

सकाळी रंभा दिराकडं गेली, भावकीत गेली, ज्यांच्या ज्यांच्या समोर तिनं जनूला बोल लावला होता त्या सगळ्यांना सांगून आली. ह्यात त्या माणसाचा दोष नाय, म्हणाली. कोणी विश्वास ठेवला, कोणी नाय ठेवला. पण विठूची बायकोच म्हणत्येय म्हटल्यावर विषय मिटला. तिचा दीर त्याच दिवशी जनूच्या घरी येऊन बसला. सगुणानं त्याला जेवू घातलं.

जनू मात्र दुपारच्या ओहोटीला परत धक्क्यावर गेला. एकटा. आता मशिन नाय, काय नाय. मिठागराचा ट्रॅक्टर सांगून बोट काठावर ओढून घेतली, आणि ट्रॅक्टरवाल्याला घालवून दिलं. कोयती घेऊन पंख्याशी बसला. दोर कापला, शाफ्टाच्या फटीत आवळलेला तुकडा ओढून काढला. शाफ्ट एका हातानं फिरला. म्हणजे बोटीचं दुखणं तेवढंच होतं.

मग त्याला पंख्याच्या पात्यावर रंभाचा पदर दिसला. रात्री त्यानं कापला तो तुकडा. तो दोरात अडकलेला असायला पायजे होता. गुंडाळलेला. दोराबरोबर निघून यायला पायजे होता.

तो पात्याला बांधलेला होता.

गाठ मारून. घट्ट.

पंखा गुंडाळतो, पोरांनो. दोर घ्या, जाळं घ्या, कपडा घ्या, कितीपण गुंडाळंल. पण त्याला गाठ मारता येत नाय. आणि मशिन तर रात्रीपासून बंद होतं.

जनूनं ती गाठ बघितली… आणि ओळखली. विठू डावखुरा होता. त्याची गाठ उलटी पडायची. होडी बांधायची असो, डब्याचा फडका बांधायचा असो, त्याची गाठ सोडवायला बसलं की जनू त्याला शिव्या घालायचा. आख्ख्या खाडीत तशी गाठ दुसऱ्या कोणाची नाय.

कोयती हातात होती, पण त्यानं कापली नाय. सोडवत बसला. भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत.

रंभाला यातलं काय माहीत नाय. ती आता रात्रीची झोपते.